मोर विझला की निघायचं

सेलू, किशनरावांचं गोदाम
सोमवार, दुपार

ती. सौ. अक्का, तुझ्या पायांवर धाकट्या भुजंगाचं डोकं ठेवलं आहे असं समज.

दिनकररावांच्या मांडवातले सगळे दिवे ज्या घडीला एकदम गेले, त्या घडीला माझं जे व्हायचं होतं ते होऊन गेलं. पत्राची सुरुवात अशी करायची नसते हे मला ठाऊक आहे. आबांनी लहानपणी पोस्टकार्ड लिहायला शिकवताना बजावलं होतं, की आधी मोठ्यांची तब्येत, मग पीकपाणी, आणि आपलं रडगाणं कोपऱ्यात जागा उरली तर. तेव्हा आता रीतीनं विचारतो. तुझी तब्येत कशी आहे? आई म्हणते चिंच खाऊ नको, सुलाबाई सुईण म्हणते खुशाल खा. तू दोघींना हो म्हण आणि खा. धुरपदाबाईंचा दमा कसा आहे? (त्यांना माझा नमस्कार सांग, पण पत्र वाचून दाखवू नकोस. सासूला पत्र वाचून दाखवणाऱ्या सुना फार चांगल्या असतात, तू जरा कमी चांगली हो.) दाजींची तब्येत मी विचारत नाही, कारण ती मी स्वतः हाताला धरून पाहिली आहे आणि उत्तम आहे. ते कसं, ते पुढे येईल. इकडे आबा बरे आहेत. माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या छातीला आराम पडला आहे. आई दोघांशी बोलते, तिची मात्र छाती दुखते.

लिहायचं कारण असं, की दाजी राणीसावरगावच्या वऱ्हाडात होते आणि तू या अवस्थेत एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणून घरी राहिलीस. दाजींनी येऊन तुला सांगितलं असेल, की गोरज मुहूर्ताच्या तोंडाला लाइट गेली आणि बरोबर अंतरपाट खाली यायला आली, लय भारी योग जमला. अख्खं सेलू हेच सांगतं. निदान एका माणसाला तरी खरं ठाऊक असावं, आणि ते माणूस माझ्या पाठची नव्हे, पुढची बहीण असावं, म्हणजे ती मला मारू शकेल पण कुणाला सांगणार नाही, असा हिशेब करून मी हे लिहायला बसलो.

कोकिळा तुला आठवते ती परकरातली असेल. दिनकररावांची धाकटी. आपल्या परसाच्या आणि त्यांच्या परसाच्या मध्ये तुरीच्या काड्यांचा एक कूड, आणि त्या कुडाला एक भोक. ते भोक कुणी पाडलं याची चौकशी तू सासरी गेल्यावर झाली आणि दोष शेळीवर गेला. शेळीचं काही म्हणणं नव्हतं. बाकी जे काय झालं ते तुला माझ्या तोंडून कळण्यासारखं नाही, पण अंदाजानं तू ओळखलंच असशील, कारण मी कॉलेजातून सुट्टीला यायचो तेव्हा आईला भेटायच्या आधी परसात जायचो आणि आई म्हणायची, पोराला परभणीचं पाणी बाधतंय.

कॉलेज का सोडलं याची गावात चार कारणं सांगतात, त्यातलं खरं एकही नाही. विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा सगळंच पेटलेलं होतं, आज बंद, उद्या मोर्चा, परीक्षा पुढे. माझा खोलीतला जोडीदार वाल्मीक नामांतराच्या बाजूनं मोर्चात जायचा. एके दिवशी खानावळीत एका दाढीवाल्यानं, आपल्याच तालुक्यातल्या, त्याचं ताट वेगळं मांडायला सांगितलं. मी वाल्मीकचं ताट उचललं आणि त्या दाढीवाल्याच्या डोक्यावर पालथं घातलं. ताटात वरण होतं. (वाल्मीक नंतर म्हणाला, 'भुजंग, तू भांडलास ते बरं केलंस, पर मी जेवलो न्हाई ना.' तो आता औरंगाबादला एका वर्कशॉपात आहे, खोली आहे त्याची. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.) मग सरांनी माफी मागायला सांगितलं, मी म्हणालो वाया गेलेल्या वरणाची मागतो, दुसऱ्या कुणाची मागणार नाही, आणि बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यात टाकून ट्रंक उचलून सेलूला आलो.

मी आल्यावर आबा एकदा, माझ्या नकळत, दिनकररावांकडे कोकिळेला मागायला गेले होते. हे मला फार उशिरा कळलं, आणि ते कळल्यापासून मला आबांवर रागावता येत नाही, ही एक वेगळीच अडचण झाली आहे. दिनकरराव म्हणाले, 'आबासाहेब, घराला नाव ठिवायला जागा न्हाई. पर पोरानं कालेजात जाऊन काय दिवे लावले तेवढं सांगा.' आबा घरी आले आणि तेच वाक्य, कुठे ऐकलं ते न सांगता, मला जेवताना ऐकवलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे. हात न धुता उठलो, थेट किशनरावांच्या मंडपाच्या दुकानात गेलो, आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच दिवे लावायला लागलो.

आता तुला थोडं या धंद्यातलं समजून घ्यावं लागेल, कंटाळू नकोस. किशनरावांकडे बल्बांच्या पाट्या आहेत: मोर, चक्र, कमळ आणि कमानीवरचं सुस्वागतम्. लाकडी चौकट, तिच्यावर रंगीत बल्ब. हाच मोर गणपतीत नाचतो, हाच उरुसात, हाच पुढाऱ्याच्या सत्कारात. त्या पाटीला स्वतःचं म्हणून काही कळत नाही. पिसारा कधी फुलवायचा आणि कधी मिटायचा हे सगळं मागे अंधारात ठेवलेल्या रुळाला ठाऊक असतं. रूळ म्हणजे मोठं लाटणंच, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, पंख्याच्या मोटरीवर फिरणारं. वरून पितळी जिभा घासत असतात. जीभ तांब्यावर आली की बल्ब लागतो, लाकडावर आली की विझतो. पाटी तेवढे रूळ, अशी रीत आहे. पण त्या तिथीला चारठाण्यालाही मोठं लग्न होतं, रूळ तिकडे गेले, आणि दिनकररावांच्या मांडवाला एकच उरला. किशनराव डोकं धरून बसले. मी म्हणालो, सगळ्या पाट्या एकाच रुळावर घेतो. जाणारी तार ज्याची त्याची, परतीची तार सगळ्यांत मिळून एक. म्हणजे मोर फुलला की चक्र फिरेल, चक्र फिरलं की कमान हसेल, एकीचं सुखदुःख सगळ्यांना कळेल, एकत्र कुटुंबासारखं. तार वाचते म्हणून ट्यूबलाइटीसुद्धा त्याच परतीच्या तारेवर घेतल्या. किशनराव म्हणाले, 'कालेजात गेल्याचं आज पयल्यांदा कायतरी दिसलं गड्या.' मी फुगलो. (एकत्र कुटुंबात मी लहानाचा मोठा झालो, आणि तिथे एकाला गुपचूप काही सांगता येत नाही एवढं साधं मला त्या वेळी आठवू नये, याला काय म्हणावं.)

होय अक्का, कोकिळेच्या लग्नाची रोशनाई मीच केली. दुसरा कुणी असता तर घरात बसून रडला असता. मला वाटलं, रडायचंच आहे तर शिडीवर चढून रडावं, तिथून निदान तिची खिडकी दिसते. मोर त्यांच्या माळवदावर, तिच्या माडीवरच्या खिडकीसमोर, मीच मुद्दाम बसवला. मी तारा ओढत होतो तेव्हा ती कुरडया वाळत घालायला वर आली. हातांना हळद लागायची होती, अजून कुरडईचा चीकच होता. आधी तिनं चार कुरडया घातल्या. मग कुरडईकडे बघतच म्हणाली, 'कुनाच्या लग्नाची लाइट लावायलास रं?'

मी म्हणालो, तुझ्या.

'मंग नीट लाव. मागं सरजाआत्याच्या घरी निम्मे बल्ब इझले व्हते तुझे.'

मला राग आला, आणि रागात मी ते बोलून गेलो जे शांतपणे मला जन्मात बोलता आलं नसतं. लग्नाच्या दिवशी संध्याकाळची औरंगाबादची पॅसेंजर आहे, वाल्मीकची खोली आहे, तू चल. पॅसेंजर कधी वेळेवर येत नाही, म्हणून वेळ ठरवून उपयोग नाही. स्टेशनात घंटा झाली की ती इथवर ऐकू येते. घंटा झाली की मी हा मोर विझवीन, एकटा मोर, बाकी सगळा झगमगाट तसाच राहील, कुणाच्या ध्यानात येणार नाही. मोर विझला की मागच्या दारानं निघायचं. एवढं सगळं मी एका दमात बोललो. तिनं उरलेल्या कुरडया घातल्या, टोपली झटकली, जिन्याकडे गेली आणि पाठमोरीच म्हणाली, 'बघीन.'

अक्का, त्या शब्दावर मी रात्रंदिवस जगलो. बघीन म्हणजे, मी तुझ्या मोराकडे बघत बसेन? की बघीन म्हणजे, आपण म्हणतो ना, मागायला आलेल्याला, बघू, बघीन, उद्या ये? आपल्या भाषेत हो म्हणायला आणि नाही म्हणायला एकच शब्द ज्यानं ठेवला त्याला कधी लग्नाच्या पोरीला विचारायची वेळ आली नसावी.

मी मोराच्या परतीच्या तारेवर एक बटन बसवलं आणि मोर एकटाच लावून तपासलं. एकदा दाबलं की विझायचा, पुन्हा दाबलं की लागायचा, इतका आज्ञाधारक की मला भरून आलं. मग लग्नाच्या संध्याकाळपर्यंत चक्र, कमळ, कमान, ट्यूबलाइटी एकेक करून त्याच तारेला जोडत गेलो, माझ्याच हातांनी, बटनाच्या अलीकडे, म्हणजे सगळ्यांची परतीची वाट त्या एकाच बटनातून. सगळं लागल्यावर पुन्हा बटन दाबून बघायचं मला सुचलं नाही. एकट्यावर चाललं ते सगळ्यांत चालेल असं मी धरून चाललो.

वऱ्हाड आलं, दाजी फेट्यात होते, छान दिसत होते. नवरदेवालाही मी पाहिलं. त्याच्यात खोट काढायचा मी फार प्रयत्न केला. उंच आहे आणि वाढप्याला अहोजाहो करतो, एवढंच हाती लागलं. भटजी घड्याळाकडे बघत होते, नवरदेव पाटावर उभा राहायचा होता, कोकिळा आत होती. आणि स्टेशनात घंटा झाली. मी मांडवामागे रुळाजवळ बसलो होतो. मी बटन दाबलं.

मोर विझला. त्याच्याबरोबर चक्र, कमळ, सुस्वागतम् आणि दिनकररावांचं अख्खं अंगण विझलं. मला वाटलं आता आरडाओरडा होईल, मला धरतील, आणि खरं सांगतो, धरलं असतं तर बरं झालं असतं, निदान कशासाठी ते तिला कळलं असतं. पण अक्का, कुणी हूं की चूं केलं नाही. 'लाइट गेली,' कुणीतरी जांभई देत म्हणालं. कोकिळेच्या सरजाआत्या म्हणाल्या, 'सेलूची लाइट हाय, जावई थोडाच हाय बसून ऱ्हायला.' दिनकररावांनी हाक मारली, 'गॅसबत्त्या आना रे,' आणि आधीच भरून, पंप मारून ठेवलेल्या दोन बत्त्या मागच्या पडवीतून निघाल्या. भटजी म्हणाले मुहूर्ताला लाइटवाल्यांची परवानगी लागत नाही, आणि त्यांनी गणपतीपासून सुरुवात केली. आपल्या जिल्ह्यात अंधाराचा इशारा करायला निघालेला माझ्यासारखा शहाणा दुसरा नसेल. जिथे रोज दिवे जातात तिथे दिवे जाण्याला अर्थ तो काय उरणार.

तरी मी धावत मागच्या दाराशी गेलो. म्हटलं, तिनं ओळखलं असेल. तेवढ्यात दार करकरलं, अंधारात एक माणूस बाहेर आलं, मी हात धरला आणि म्हणालो, चल. त्या हातानं माझा हात इतका घट्ट धरला की मला रडू आलं. मग दाजींचा आवाज आला, 'भुजंग व्हय? बरं झालं गड्या, कवाधरनं जागा हुडकायलोय. कुटं हाय मोरी?' (दाजींनी हे तुला सांगितलं का? सांगितलं असेल तर काय सांगितलं तेवढं कळव.) मी माझ्या अक्काच्या नवऱ्याला हाताला धरून बाभळीखाली नेलं आणि पाठ करून उभा राहिलो, आणि ते निवांतपणे यंदाच्या कापसाबद्दल बोलत राहिले.

तिथून परत पळालो. आत मंगलाष्टकं सुरू झाली होती. मला वाटलं, शेवटचं सावधान होईपर्यंत वेळ आहे. चाचपडत सगळ्या तारा सोडल्या, मोराची वेगळी काढली, बाकीच्या पुन्हा पिळल्या. दोनदा झटका बसला, पण त्या वेळी मला झटक्याचंही काही वाटलं नाही, उलट सोबत वाटली. आणि जोडलं. सगळा मांडव एकदम उजळला. चक्र फिरलं, कमान हसली, आणि एकटा मोर काळा राहिला. अगदी ठरलं होतं तस्सं, अक्का. पण त्याच क्षणाला अंतरपाट खाली आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अक्षता उधळल्या, वाजंत्री सुरू झाली. त्या वाजंत्रीत पॅसेंजरची शिट्टी मला ऐकू आली, आणखी कुणाला आली का माहीत नाही. कोकिळेनं हार घालायला हात उचलले आणि मान वर केली. माळवदाकडे बघितलं का? मला वाटलं, बघितलं. पण हार घालताना मान वर करावीच लागते, नवरा उंच आहे.

आता यापुढचं ऐक आणि हसू आलं तर हस, मी समजून घेईन. किशनरावांनी माझी पाठ थोपटली. दिवे घालवून बरोबर अंतरपाटाला आणायचे ही माझी कल्पना, असं त्यांनी धरलं, आणि गावभर सांगितलं. आता मानवतचे लोक येतात, जिंतूरचे येतात, म्हणतात आमच्या पोरीच्या लग्नात दिनकररावांसारखं पाहिजे. तेव्हापासून प्रत्येक तिथीला मी मांडवामागे बसतो, मुहूर्ताच्या तोंडाला सगळ्यांची परतीची तार तोडतो, आणि अंतरपाट पडला की जोडतो. कुण्याही गावची पोरगी असो, मला दर वेळी तेच दिसतं. किशनराव म्हणतात, 'तेवढा मोर बी लावत जा की, एकटाच काऊन इझलेला ऱ्हायतो?' मी म्हणतो, बल्ब गेलेत. लोकांना वाटतं, तो विझलेला मोर ही पण एक फॅशन आहे, आणि परवा एका वरबापानं तो मुद्दाम तसाच ठेवायला सांगितला.

तर हे असं आहे. मी मजेत आहे. जेवण जातं. काळजी नसावी.

तुझा,
भुजंग

ता. क. लिहायचं राहिलं. कोकिळा आता तुमच्याच गावात आहे, मारुतीच्या पाराच्या पलीकडच्या गल्लीत, असं दाजी म्हणत होते. तुझ्याकडे हळदीकुंकवाला येईलच, सेलूची म्हणून येईल. तेव्हा माझं नाव न काढता, कुंकू लावता लावता, त्या संध्याकाळचा विषय काढ, आणि मोराबद्दल तिला काय वाटलं ते बघ. आणि जमलं तर, अगदी जमलंच तर, ते 'बघीन' कुठलं होतं ते विचार. एवढ्यासाठीच हे सगळं पत्र आहे. वर दमा, चिंच वगैरे विचारलं ते खरं आहे, पण मुख्य हे.

आणखी. विचारल्यावर तिनं काहीही सांगितलं तरी मला कळवू नकोस. लाइट गेली असंच समजले म्हणाली, तर मी सहन करीन असं मला वाटत नाही. आणि सगळं ओळखून बसूनच राहिले म्हणाली, तर त्याहून नाही. आणि उठून दारापर्यंत आले होते, दारात तुमचे मालक उभे होते, असं म्हणाली, तर दाजींना काही बोलू नकोस, त्यांचा काय दोष. उत्तरात एवढंच लिही, की ती माहेरी गेली होती, भेट झाली नाही. मी तिच्या माहेराला भिंतीला लागून राहतो, ती आलेली नाही हे मला कळेलच, तरी तसंच लिही.

शेवटचं. टेम्पोवाला हॉर्न मारतोय, पाट्या चढवून झाल्या, किशनराव 'भुजंग, चल रे, बोरीचं लगीन हाय' म्हणून हाका मारतायत. मी येत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, मग रुळाकडं कोन बसंल? मी म्हणालो, आजच्या लग्नात दिवे आपले लागलेले राहू द्या, लोकांना दिसू द्या एकमेकांची तोंडं. त्यांनी मला वेडा म्हटलं आणि ते गेले. मी बाहेर आलो, गोदामाचं दार ओढून घेतलं, कडी घातली, आणि कागद ठेवायला दुसरं काही नाही म्हणून त्या दारालाच कागद टेकवून एवढ्या ओळी लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.